देशावर पाय ठेवू नये

स्वातंत्र्यदिनासाठी सोसायटीच्या अंगणात देशाचा नकाशा काढायचा, असं भूगोल सरांनी ठरवलं तेव्हा त्यात कुणाचं काही बिघडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं. अडतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं की देश कागदावर असतो तोवर तो कुणाच्या वाटेत येत नाही. अंगणात उतरला की येतो.

सरांचं म्हणणं साधं होतं. मुलांना देश डोळ्यांनी शिकवला तर तो परीक्षेपर्यंत टिकतो; पायांनी शिकवला तर जन्मभर. म्हणून अंगणाच्या फरशीवर नकाशा काढायचा, गेटापासून स्टेजपर्यंत. एक पाऊल म्हणजे पन्नास किलोमीटर. सोसायटीतल्या अकरा मुलांनी त्यात शिरायचं. कुणी डोंगर व्हायचं, कुणी वाळवंट, कुणी बंदर. प्रत्येकाने आपल्या जागी उभं राहून चार वाक्यं सांगायची. आणि शेवटी सरांच्या नातीने मोठी नदी व्हायचं, म्हणजे उत्तरेच्या डोंगरातून निघायचं आणि चौदा वळणं घेत दक्षिणेच्या समुद्राला जाऊन मिळायचं. नात साडेसात वर्षांची होती, आणि त्यातलं अर्धं वर्ष ती कधी कुणाला विसरू देत नसे. तिचा सराव स्वयंपाकघराच्या ओट्यापासून गॅलरीपर्यंत दिवसातून सहा वेळा चालत असे.

"अहो, तुमच्या नदीला सांगा," आतून आजीचा आवाज यायचा, "सातव्या वळणावर दुधाचं पातेलं आहे."

सेक्रेटरींनी परवानगी एका मिनिटात दिली. दर वर्षी झेंडा, भाषण, बिस्किट याच क्रमाने कार्यक्रम होई, आणि गेल्या वर्षी तर भाषणाच्या आधीच बिस्किटं संपल्यामुळे भाषणाला कुणी थांबलं नव्हतं. त्यांना काहीतरी नवं हवंच होतं.

"पण चुन्याने काढू नका, सर," ते म्हणाले. "देश काय दोन दिवसांचा आहे? पक्का रंग घ्या. पार्किंगच्या पट्ट्यांचा अर्धा डबा पडलाय माझ्याकडे. दहा वर्षं निघत नाही."

सरांना हे वाक्य फार आवडलं. पुढे जे जे झालं त्याची सुरुवात या अर्ध्या डब्यात आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. सरांच्या ते लक्षात आलं नाही.

त्यांनी सुतळीने अंगणाच्या चौकटी पाडल्या, पाठ केलेला किनारा खडूने उतरवून घेतला आणि गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन रेषा नीट करायला बसले. पहिल्या तासात चार सल्लागार जमले, दुसऱ्या तासात नऊ. तळमजल्यावरच्या शिंप्याच्या लक्षात आलं की त्याचं गाव नेमकं गटाराच्या झाकणावर आलंय.

"सर, माझी आई अजून तिथे राहते हो," तो इतक्या दुःखाने म्हणाला की सरांनी अख्खा देश दीड फूट पूर्वेला सरकवला. त्यामुळे झाकणावर राजधानी आली. हे पाहून शिंप्याला बरं वाटलं, पण सेक्रेटरींना वाटेना. शेवटी देश उत्तरेला चार इंच दाबून झाकण समुद्रात ढकललं, तेव्हा कुठे सगळ्यांचं समाधान झालं आणि पक्का रंग चढला. इतक्या वेळा खडू पुसून सरांची बोटं सोलवटली होती. तरी संध्याकाळी उभे राहून त्यांनी पाहिलं. चूक नव्हती कुठे. किनाऱ्यावरचं ते लहानसं टोकसुद्धा, जे मुलं परीक्षेत हमखास विसरतात, तेसुद्धा जागेवर होतं. एवढ्या वर्षांत या देशाने सरांना फार काही दिलं नव्हतं. बदल्या दिल्या, जनगणनेची कामं दिली, पेन्शनसाठी अकरा महिने वाट पाहायला लावली. पण त्याचा आकार मात्र त्यांना अजून आवडत होता.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"सर, तुम्ही उभे कुठे आहात?"

हे हरकतकाका. कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सोसायटीच्या बैठकीत अध्यक्ष "कुणाची हरकत?" असं विचारत तेव्हा पुढचा शब्द उच्चारायच्या आत यांचा हात वर गेलेला असे.

"अंगणात," सर म्हणाले.

"खाली बघा."

सरांनी खाली पाहिलं. ते उत्तरेच्या प्रांतात उभे होते.

"चपला घालून," हरकतकाका म्हणाले आणि मोबाइल काढून त्यांनी फोटो घेतला. एक पायांचा आणि एक पायांसकट सरांचा.

आता इथे शाळेतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने हात वर करून विचारलं असतं की, गुरुजी, आपण सगळे रोज देशावरच तर उभे असतो ना? मग नकाशावर उभं राहिलं तर काय झालं? प्रश्न चांगला आहे. पण हा प्रश्न विचारायला मूल असावं लागतं. बैठकीला सगळी मोठी माणसं होती.

बैठक तीन तास चालली. फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आधीच पोचला होता. सर म्हणाले, जमिनीवर उभं राहिल्याशिवाय जमिनीवर चित्र काढता येत नाही. हरकतकाका म्हणाले, ती तुमची अडचण, देशाची नव्हे. शिंपी म्हणाला, माझ्या आईच्या अंगावरून कुणी चाललेलं मला खपणार नाही. शेवटी असं ठरलं की निर्णय होईपर्यंत नकाशावर कुणीही पाय ठेवायचा नाही. भोवती दोरी बांधायची. आणि हे चालतं की नाही, ते सरांनी वॉर्ड ऑफिसातून लेखी आणायचं.

वॉर्ड ऑफिसात जायचं म्हणजे गेटाबाहेर पाण्याच्या पाइपासाठी खणलेला खड्डा ओलांडायचा. तो खड्डा वॉर्ड ऑफिसनेच खणला होता आणि पाइप टाकायचं विसरून गेलं होतं. पायजम्याला घोट्यापर्यंत चिखल लावून सर खिडकीपाशी उभे राहिले.

"नकाशा भिंतीवर आहे का जमिनीवर?" कारकुनाने विचारलं.

"जमिनीवर."

"मग रस्ते विभाग. शेवटची खिडकी."

शेवटच्या खिडकीतला कारकून डबा खात होता. त्याने घास संपवून नीट ऐकून घेतलं. सरांना बरं वाटलं; विद्यार्थी असा असावा.

"त्याच्यावरून लोक चालतात का?"

"नाही. दोरी बांधलीय."

"चालत असतील तर रस्ता. चालत नसतील आणि दोरी असेल तर अतिक्रमण."

"अहो, देश आहे तो!"

"असेल. पण सामाईक जागेत आहे ना? एवढी जागा अडवून बसलाय म्हटल्यावर आमच्याकडे दुसरा शब्द नाही."

"मग पुसून टाकतो," सर वैतागून म्हणाले. रंग दहा वर्षं निघत नाही हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

कारकुनाने डबा बंद केला. "ते असं तोंडी नाही चालणार. एक फॉर्म आहे. 'मी स्वखुशीने आणि कुणाच्याही दबावाशिवाय देशाचा नकाशा नष्ट करत आहे.' खाली सही, पत्ता आणि दोन साक्षीदार. भरणार?"

सरांनी फॉर्मकडे पाहिलं. मग कारकुनाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, उलट थोडी काळजीच होती. "मी तुमच्या जागी असतो तर नसता भरला," तो हळूच म्हणाला. "आमच्या पोराला तुम्ही होता भूगोलाला."

अशा रीतीने त्या नकाशावर चालायचं नाही, तो पुसायचा नाही आणि ठेवायचाही नाही, एवढं पक्कं करून सर खड्डा ओलांडून परत आले.

पुढचे आठ दिवस सोसायटीने जसे काढले तसे शत्रूनेही काढू नयेत. अंगणाचा मधला सगळा भाग दोरीच्या आत. दोरीला पुठ्ठा लटकवलेला: 'देशात प्रवेश बंद'. लोक भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, खेकड्यासारखे आडवे सरकत ये-जा करू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गॅसचं सिलेंडर मिळेना, कारण सिलेंडरवाला आडवा सरकायला तयार नव्हता. जो तो सरकताना सरांच्या खिडकीकडे बघून काहीतरी पुटपुटे. वॉचमनला शिट्टी देण्यात आली. त्याला आयुष्यात प्रथमच एका देशाच्या रक्षणाचं काम मिळालं होतं आणि तो ते मनापासून करत होता. फक्त एकदा एक मांजर राजधानीत जाऊन झोपलं तेव्हा त्याची पंचाईत झाली. शिट्टी ते ऐकेना, आणि हाकलायचं तर आत जावं लागणार. दुपारभर तो दोरीबाहेरून "ए, ऊठ की, ऊठ ना बाई" अशी विनवणी करत राहिला.

आणि नातीचा लाल चेंडू पूर्वेच्या जंगलात जाऊन पडला.

"आजोबा, मी पटकन जाऊन आणते. चवड्यांवर."

"नको गं."

"मग तो तिथेच राहणार?"

"थोडे दिवस."

"पण तो चेंडू आहे," नात म्हणाली. "त्याला तर माहीतच नाही तो कुठे गेलाय ते."

नात रोज शाळेतून आल्यावर दोरीपाशी उभी राहून चेंडू जागेवर आहे ना ते बघून जाई. सराव मात्र तिने सोडला नाही. ओट्यापासून गॅलरीपर्यंत, चौदा वळणं.

स्वातंत्र्यदिनाच्या दोन दिवस आधी सेक्रेटरी घरी आले. हातात टाइप केलेला कागद.

"सर, मार्ग काढलाय. तुम्ही एवढ्यावर सही करा, मी मुलांना आत सोडतो. अनवाणी. कमिटीने कबूल केलंय."

सरांनी चष्मा लावला. 'माझ्या हातून, किंबहुना पायांतून, अनवधानाने देशाचा अवमान झाला. मी सोसायटीची व देशाची विनाशर्त माफी मागतो.'

बायको दारात उभी होती. "अहो, सही करू नका," ती म्हणाली. "अडतीस वर्षं फळ्यावर देश काढलात आणि रोज संध्याकाळी डस्टरने पुसलात. तेव्हा नाही कुणी आलं माफी मागायला लावायला."

"वहिनी, तेव्हा मोबाइल नव्हते," सेक्रेटरी म्हणाले.

सर कागदाकडे बघत राहिले. वर्गात कुणी चूक केली नसताना माफी मागितली की ते त्या मुलाला जवळ बोलवून सांगत, बाळ, जे केलं नाही त्याची माफी मागायची नाही, त्याने खऱ्या माफीची किंमत जाते. किती मुलांना सांगितलं असेल. आतल्या खोलीत पावलं वाजत होती. नदी अकराव्या वळणावर होती.

"मुलांना नक्की सोडाल?"

"माझा शब्द."

सरांनी सही केली. अक्षर चांगलं आलं. त्यांचं अक्षर नेहमीच चांगलं येई.

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी अकरा मुलं दोरीच्या कडेने रांगेत उभी राहिली. बावीस पाय साबणाने घासून धुतलेले. नातीने निळा फ्रॉक घातला होता, कारण नदी. झेंडा वर गेला. राष्ट्रगीत सुरू झालं आणि सरांनी ठरवलं होतं की यंदा आपण नुसते ओठ हलवायचे. दुसऱ्या ओळीलाच त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. ज्याने आपल्याला इतकं छळलं त्याच्यासाठी रडायचं म्हणजे काय! पण पाणी काही थांबलं नाही. शेजारी हरकतकाकाही रडत होते. तेवढ्यापुरता सरांना त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटला, आणि त्याचाही राग आला.

मग सेक्रेटरींनी माइक हातात घेतला. "मुलांच्या कार्यक्रमाआधी एक निवेदन," असं म्हणून त्यांनी सरांचा माफीनामा वाचायला घेतला. सगळा. सहीसकट. खाली तारीख होती, तीही वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माफीनाम्याला टाळ्या वाजवायच्या असतात का, याबद्दल थोडा गोंधळ झाला, म्हणून काहींनी मधेच थांबवल्या. सरांचे कान तापले. ते नातीकडे बघायला वळले, तर ती त्यांच्याचकडे बघत होती.

"आजोबा, तुम्ही काय केलंत?"

"मग सांगतो."

तेवढ्यात गेटापाशी हॉर्न वाजला. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले होते. ते वॉर्डाचे नगरसेवक होते. खड्डा त्यांच्याच सहीने खणलेला होता. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या, पण फळ्यांवरून चालायचं तर पाहुण्यांचे पांढरे बूट चिखलात जाणार होते. गाडीची काच चार बोटं खाली झाली. काहीतरी बोलणं झालं. सेक्रेटरी धावत आले.

"मुलांनो, मागे व्हा. मागे, मागे. साहेबांची गाडी स्टेजपर्यंत येतेय."

"कुठून?" सरांनी विचारलं.

उत्तर देण्याआधीच सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने दोरी सोडली. 'देशात प्रवेश बंद' हा पुठ्ठा त्यांनी अदबीने काखेत धरला. वॉचमनने सलाम ठोकला. गाडी खड्ड्यातून डुलत वर आली आणि उत्तरेच्या डोंगरातून देशात शिरली.

ती सावकाश आली. मोठ्या नदीची पहिली पाच वळणं, मग राजधानी, मग शिंप्याचं गाव. पूर्वेच्या जंगलाला तिने धक्का लावला नाही, एवढंच. दक्षिणेच्या किनाऱ्यावर ती थांबली. मागे फरशीवर ओल्या चिखलाचे दोन रुंद पट्टे उमटले होते, वरपासून खालपर्यंत, फुटपट्टीने आखावेत तसे सरळ. सरांनी हरकतकाकांकडे पाहिलं. हरकतकाका ताठ उभे राहून टाळ्या वाजवत होते. शिंपीही वाजवत होता. मोबाइल सगळ्यांनी काढले होते. फोटो पाहुण्यांचे निघाले.

पाहुण्यांना अजून तीन ठिकाणी झेंडे होते. ते देशासाठी पायी चालणाऱ्यांबद्दल चार मिनिटं बोलले आणि गाडीत बसले. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून ती तशीच उलटी, समुद्रापासून डोंगरापर्यंत गेली. सेक्रेटरींनी दोरी पुन्हा बांधली, पुठ्ठा पुन्हा लटकवला.

"आता मुलं?" सर म्हणाले.

"सर, वेळ बघा की! आणि आता देश खराब झालाय, त्यात पोरांना कुठे सोडता? पुढच्या वर्षी बघू." आणि बिस्किटं सुरू झाली.

अकरा मुलं धुतलेल्या पायांनी दोरीपाशी उभी होती. त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं, म्हणून ती गेली नव्हती. सरांना त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं. अडतीस वर्षांत वर्गाला सांगायला काही नाही असं त्यांचं कधी झालं नव्हतं.

नात चिखलाचे पट्टे निरखून पाहत होती. गणित सुटत आलं की तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात यायची, तशी आली होती.

"आजोबा, जिथे चिखल आहे तिथे खालचा देश दिसत नाही ना?"

"नाही."

"मग तिथे पाय ठेवला तर तो देशावर पडणार नाही. चिखलावर पडेल."

हे उत्तर चूक होतं. चूक उत्तर आलं की सर कधी रागावत नसत. खाली बसून ते कुठे चुकलं ते मुलाकडूनच शोधून घेत. ते गुडघे धरून खाली बसले, तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका चूक उत्तराला म्हणाले, "बरोबर आहे."

नात दोरीखालून आत गेली. वॉचमनने शिट्टी तोंडात धरली, खाली तिच्या पायांकडे पाहिलं, चाकाच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि ती काढून खिशात ठेवली. तिच्या मागे बाकीची दहा मुलं निघाली. एका रांगेत, हात पसरून तोल सांभाळत, पट्ट्याबाहेर अंगठा जाऊ न देता. पट्टा सरळ होता. नदीला एकही वळण घेता आलं नाही. पूर्वेच्या जंगलाच्या जवळून जाताना नातीने चेंडूकडे हात लांबवला. तो वीतभर लांब राहिला, म्हणून ती पुढे गेली. गटाराच्या झाकणावर पोचल्यावर ती थांबली आणि तिने तिची चार वाक्यं म्हटली. मोठ्याने, न चुकता. बिस्किटांपाशी गडबड असल्यामुळे ती सरांखेरीज कुणाला ऐकू गेली नाहीत.

संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. 'अंगणातील देशावर चिखलाचे डाग पडले आहेत. ज्यांनी देश काढला त्यांनी ते उद्यापर्यंत पुसून घ्यावेत. पुसताना देशावर पाय पडणार नाही याची दक्षता घ्यावी.'

"जाऊ नका," बायको म्हणाली. "खरंच सांगते, जाऊ नका. राहू दे घाण."

"राहू कशी देऊ?" सर म्हणाले, आणि नळाखाली बादली लावली.

बादली आणि फडकं घेऊन ते दोरीपाशी आले. पाठोपाठ नात आली. चिखल अजून पुरता वाळला नव्हता. त्यात अकरा जोड्या लहान पावलांचे ठसे होते.

"सोपं आहे, आजोबा," ती म्हणाली. "तुम्ही चिखलावर उभे राहा, आणि पुढचा पुढचा चिखल पुसत जा."

"आणि मी ज्याच्यावर उभा असेन तो?"

"तो सगळ्यात शेवटी पुसा."

"तो पुसायला उभा कुठे राहू?"

नातीने विचार केला. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली आणि बराच वेळ तिथेच राहिली. सर वाट पाहत होते. मुलाला उत्तर येईपर्यंत थांबायचं, मधे बोलायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. भरलेली बादली हातात जड होत होती. मग नातीने जीभ आत घेतली आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.